हलक्या पायाचा ब्रेक

काचवाल्यांच्या पिकअपने पुढच्या मोटारीला धक्का दिला नाही. ती टेकली. हा फरक काचवाल्यांना फार महत्त्वाचा वाटत होता, आणि त्यांच्याशिवाय दुसऱ्या कोणालाच वाटत नव्हता.

झालं असं, की पुलावरून उतरताना जो सिग्नल लागतो तिथे ते थांबले होते. मागे हौद्यात तिरक्या घोडीवर सहा काचा उभ्या, मध्ये पुठ्ठे, वरून दोरी. काचवाल्यांचा पाय ब्रेकवर होता. पाय ब्रेकवर असतानाच पेडल हळूहळू खाली जायला लागलं, जुन्या इमारतीतली लिफ्ट जाते तसं, कोणाला न विचारता. गाडी दोन हात पुढे सरकली आणि पुढच्या मोटारीच्या बंपरला टेकली. काचवाल्यांनी हँडब्रेक ओढला. मोटारीतून एक तरुण उतरला. त्याने बंपर पाहिला, ओरखडा नाही म्हणून जरा हिरमुसला, मग काचवाल्यांच्या पांढऱ्या केसांकडे बघत म्हणाला, "काका, डोळा लागला का?"

हे वाक्य पुलावरच राहिलं असतं. पण शेजारच्या सीटवर मुलगी बसली होती, आणि तिने ते घरी आणलं.

घरी त्या वाक्यासाठी आधीच जागा तयार होती. दोन महिन्यांपूर्वी काचवाल्यांच्या रक्तात साखर निघाली होती, आणि डॉक्टरांनी त्यांना डोळे मिटायला सांगून उजव्या तळपायाला दहा ठिकाणी एक बारीक, ताठ नायलॉनचा दोरा टेकवून पाहिला होता. नऊ ठिकाणी त्यांना कळलं. "दहापैकी नऊ," ते घरी येऊन म्हणाले होते, "शाळेत मला कधी पडले नव्हते." बायको हसली नव्हती. तिने तो गेलेला एक गुण जपून ठेवला होता. आता तो बाहेर काढला.

"अहो, पाय ब्रेकवर होता हे तुम्हाला कशावरून कळलं?"

"कशावरून म्हणजे? पाय माझा आहे."

"त्याच पायाचं डॉक्टर सांगत होते ना?"

"ती जागा करंगळीखालची. करंगळीने ब्रेक कोण दाबतं?"

"करंगळी कुठे आहे हे करंगळीलाच कळत नसेल तर?"

तेव्हापासून घरात एकच प्रश्न राहिला: बिघाड गाडीत आहे की गाडीच्या मालकात. मालकाचा दवाखाना झाला होता. गाडीचा बाकी होता.

कंपनीचं अधिकृत वर्कशॉप शहराबाहेर होतं. गाडी नेली, की टाय लावलेला एक तरुण हातात टॅब घेऊन समोर येई. त्याला सल्लागार म्हणत.

"काय त्रास आहे, काका?"

"पेडल बसतं. पाय ठेवून थांबलं की हळूहळू खाली जातं."

"ब्रेक लागतो का पण?"

"लागतो. मग लागत नाही."

सल्लागाराने टॅबकडे पाहिलं. टॅबमध्ये चार चौकटी होत्या: आवाज येतो, घट्ट लागतो, लागत नाही, इतर. 'लागतो, मग लागत नाही' अशी चौकट कंपनीने केलेली नव्हती. त्याने 'इतर' दाबलं आणि लिहिलं, 'ग्राहकाला वाटतं'. काय वाटतं, ते लिहायला जागा उरली नाही.

मग ट्रायल झाली. ट्रायल घेणाऱ्या मिस्त्रींना सगळे ट्रायलभाऊच म्हणत. दणकट माणूस, पायात लोखंडी टोकाचे बूट. ते पिकअपमध्ये बसले, गेटपासून आवाराच्या मागच्या भिंतीकडे गाडी सुसाट पळवली आणि भिंत जवळ आल्यावर पेडलवर जवळजवळ उभे राहिले. टायर किंचाळले. गाडीने नाक खाली घातलं आणि जागच्या जागी थांबली.

"बघा," ट्रायलभाऊ उतरत म्हणाले. "म्हैस उभी राहील एवढा ब्रेक आहे."

तरी एवढ्या लांब आलाच आहात म्हणून पुढचे ब्रेकपॅड बदलून दिले. कागदावर शेवटची ओळ होती: 'दोष आढळला नाही.'

आठवड्याने दुकानासमोरच्या उतारावर पेडल पुन्हा बसलं. या वेळी समोर मोटार नव्हती, विजेचा खांब होता. खांबाने घरी काही सांगितलं नाही, पण काचवाल्यांनी स्वतःच सांगितलं, कारण ते हट्टी असले तरी लबाड नव्हते. गाडी पुन्हा वर्कशॉपला गेली. पुन्हा 'ग्राहकाला वाटतं', पुन्हा भिंतीकडे धाव, पुन्हा टायरची किंकाळी. या खेपेला ब्रेक ऑइल बदललं. जुनं एक थेंबही कमी नव्हतं, म्हणजे गळती नाही. 'दोष आढळला नाही.'

मग मुलगी म्हणाली, "द्या इकडे, मी बघते." दुकानातली मापं, ऑर्डरी, फोन सगळं तीच सांभाळत होती, आणि वर्षभर गाडीही शिकत होती. त्या वर्षात तिने दोन काचा फोडल्या होत्या. या धंद्यात त्याला शिक्षण म्हणतात. ती रिकामी गाडी घेऊन पुलापर्यंत गेली, उतारावर चार वेळा ब्रेक मारून आली.

"बाबा, ब्रेक एकदम कडक आहे."

"मागे काच होती?"

"नाही."

"मग?"

"मग काय, बाबा?"

मग काय, हे काचवाल्यांनाही त्या वेळी सांगता आलं नाही. आपल्या तोंडून हा प्रश्न का आला, याचाच ते विचार करत राहिले.

त्या संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर तह झाला. अटी मुलीने मांडल्या, साक्षीला बायको. गाडी तिसऱ्यांदा वर्कशॉपला जाईल. तिसऱ्यांदाही दोष नाही निघाला, तर तो गाडीत नाही असं धरायचं. किल्ली मुलीकडे. बाबांनी दुकानात बसून काच कापायची, गाडीत बसलेच तर डावीकडे.

काचवाल्यांनी मान हलवली. किल्ली जाईल याचं वाईट वाटत होतंच. एकतीस वर्षं काच वाहिली होती, आणि दुकानावरच्या पाटीपेक्षा लोक त्यांना त्या पिकअपने ओळखत. पण खरी गोष्ट वेगळी होती. किल्ली जाणार होती ती मुलीच्या हातात. आणि ती ज्या गाडीची होती, ती गाडी उतारावर थांबत नाही हे साऱ्या जगात एकट्या त्यांना माहीत होतं. आपण हरलो तर आपण घरी बसू आणि पोरगी त्या गाडीत बसेल, हा हिशेब त्यांना कोणाला समजावता येत नव्हता. समजावायला गेलं की ऐकणारा त्यांच्या पायाकडे बघे.

तिसऱ्या खेपेला त्यांनी एकच बदल केला. गाडी सोपवून ते घरी परत गेले नाहीत. डबा घेऊन आले होते. ग्राहकांच्या खोलीत काचेतून ट्रायल दिसेल अशी खुर्ची धरली आणि बसले.

खोलीत आधीच एक गृहस्थ होते. बनियनवर होते, सदरा खुर्चीच्या पाठीवर वाळत होता, आणि खोलीतल्या कॅलेंडरवर तेच रोज सकाळी तारीख फाडत असावेत असा त्यांचा वावर होता.

"किती दिवस?" त्यांनी विचारलं.

"आज तिसरी खेप."

"खेपा नाही, दिवस. माझा एकोणिसावा." ते गाद्यांचे व्यापारी निघाले. त्यांच्या पिकअपच्या ब्रेकचा एक पार्ट यायचा होता. गाडी ओढून आणली तेव्हा हौद्यात अकरा गाद्या होत्या, त्या अजून तिथेच होत्या. "दहा राहिल्या. एक सल्लागाराला विकली. पाठ दुखते म्हणाला. गाडी माझी खोळंबली आणि पाठ त्याची दुखते."

"पार्ट कधी येणार म्हणतात?"

"निघालाय म्हणतात."

"कुठून?"

"तिकडून." गादीवाल्यांनी हाताने एक दिशा दाखवली. ती रोज बदलत असावी. "बावीस दिवसांपूर्वी निघालाय."

"पण तुम्हाला एकोणीसच दिवस झाले ना?"

"माझ्या आधी निघालाय. तेवढे ते तत्पर आहेत."

तेवढ्यात बाहेर ट्रायलभाऊंनी काचवाल्यांची पिकअप काढली. काचवाले उठून काचेजवळ गेले. गाडी धावली, भिंत आली, नाक खाली, किंकाळी. तीनदा. काचवाले एकटक बघत होते. मग ट्रायलभाऊंनी दुसऱ्या कुणाची गाडी काढली: तीच भिंत, तेच नाक. मग तिसऱ्याची.

"गादीवाले," ते म्हणाले, "एक काम करता? माझ्या गाडीत बसून ब्रेक कसा आहे ते बघता?"

गादीवाल्यांना एकोणीस दिवसांत कोणी काम सांगितलं नव्हतं. ते बनियनवरच गेले, बसले, आणि दाणकन लाथ घातल्यासारखं पेडल दाबलं. "उत्तम आहे की." काचवाल्यांनी गेटवरच्या रखवालदाराला विनंती केली. त्यानेही लाथ घातली. धुलाईच्या बाईंना केली. त्यांनी चप्पल काढून लाथ घातली, पण लाथच.

काचवाले परत खुर्चीत येऊन बसले. पुलावरून आल्यापासून पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्यावर समाधान होतं.

ब्रेक तपास म्हटलं की माणूस लाथ घालतो. लागला तर ब्रेक चांगला. आणि काच वाहणारा माणूस ब्रेकला लाथ घालत नाही, तो ब्रेकला विनंती करतो. सिग्नल दिसला की शंभर हात आधीच पायाचा भार पेडलवर ठेवायचा आणि तसाच ठेवायचा, झोपलेल्या तान्ह्या मुलाच्या अंगावर हात ठेवावा तसा. एकतीस वर्षांत काचवाल्यांनी ब्रेक मारला नव्हता. या गाडीचं पेडल लाथेला ताठ उभं राहत होतं आणि विनंतीला खाली जात होतं. अशी माणसं असतात, ते मनाशी म्हणाले, गाड्याही असतील.

त्यांनी हे सल्लागाराला सांगितलं. सल्लागाराने अदबीने ऐकून घेतलं.

"म्हणजे काका, जोरात दाबल्यावर लागतो, असंच ना?"

"हो."

"मग जोरात दाबा ना."

"मागे काच असते."

"तो तुमच्या व्यवसायाचा प्रश्न झाला." त्याने टॅबवर बोट फिरवलं. "ट्रायलची पद्धत ठरलेली आहे, काका. गेट ते भिंत. हळू दाबायची ट्रायल यात नाही. मॅनेजरसाहेबांच्या परवानगीशिवाय मी काहीच बदलू शकत नाही."

"मग साहेबांना भेटतो."

"साहेब कोणाला भेटत नाहीत."

साहेब भेटत नसत हे खरं, पण ते दिसतही नसत, आणि त्याचं कारण काचवाल्यांच्या धंद्यातलं होतं. साहेबांची केबिन खाली, धुलाईच्या जागेशेजारी होती. ग्राहकांच्या खोलीतून समोर तिची मोठी काच दिसे: सात फूट बाय चार, आठ एमएम. ती कोपऱ्यातून कोपऱ्यात तडकलेली होती, आणि तडा लपवण्यासाठी तिच्यावर खाकी चिकटपट्टी आणि पट्टीवर कंपनीची पोस्टरं लावली होती. एका पोस्टरवर हसरं कुटुंब होतं आणि खाली 'तुमचा वेळ, आमची जबाबदारी'.

"ही कधी तडकली?" काचवाल्यांनी धुलाईच्या बाईंना विचारलं.

"पाच महिने झाले. साहेबांनी वरच्या ऑफिसला लिहिलंय."

"मग?"

"मंजुरी निघालीय म्हणतात."

काचवाले जिना उतरले आणि केबिनच्या दारावर टकटक केली. ते दार थोडं उघडून तिथूनच म्हणाले, "साहेब, तक्रार घेऊन नाही आलो. तुमच्या काचेसाठी आलोय."

साहेबांनी डोकं वर केलं. पन्नाशीचा, थकलेला माणूस. पाच महिने चिकटपट्टीच्या उजेडात बसून त्याचा रंगही थोडा खाकी झाला होता.

"मंजुरी आली?"

"मंजुरी नाही. काचच आणतो. माझ्या दुकानात या मापाची पडून आहे, एकाची ऑर्डर फिरली. मी बसवूनही देतो, तुमच्याकडून काही नको. फक्त काच वरच्या गेटपासून इथवर रॅम्पवरून खाली आणायची ती माझ्या पिकअपमधून. गाडी तुमच्या ट्रायलभाऊंनी चालवायची. आणि तुम्ही शेजारी बसायचं."

"मी कशाला?"

"काच तुमची आहे."

साहेबांनी काचेकडे पाहिलं. हसऱ्या कुटुंबाची पाठ त्यांच्याकडे होती. "उद्या अकराला," ते म्हणाले.

काचवाल्यांनी मुलीला फोन लावला. भाड्याचा टेम्पो कर, पाठीमागच्या भिंतीची मोठी काच आण, ड्रायव्हरला सांग सावकाश.

"बाबा, तुम्ही तिथे गाडी दुरुस्त करायला गेलात की काच विकायला?"

"विकत नाहीये, देतोय."

त्यांनी आजवर कोणाला कापलेली पट्टीसुद्धा फुकट दिली नव्हती. "आईला फोन देऊ का?" ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी अकराला काच आली. मुलीने आणि काचवाल्यांनी ती पिकअपच्या घोडीवर चढवली, पुठ्ठा, दोरी, गाठ. रॅम्प म्हणजे वरच्या आवारातून खाली धुलाईपर्यंत उतरणारी सिमेंटची घसरण, शंभरेक पावलांची, आणि शेवटी भिंत. काचवाल्यांनी गादीवाल्यांना विचारलं, "गाद्या मिळतील?"

"विकत?"

"उसन्या."

गादीवाल्यांनी भिंतीकडे पाहिलं, पिकअपकडे पाहिलं, आणि काही न विचारता सहा गाद्या उतरवल्या. भिंतीशी दोन-दोनच्या तीन थप्प्या उभ्या केल्या आणि मागे ठोकळे लावले. बघायला रखवालदार आला, धुलाईच्या बाई आल्या, खोलीतले आणखी दोन पिकअपवाले आले. सल्लागार टॅब छातीशी धरून उभा राहिला.

ट्रायलभाऊ स्टिअरिंगवर बसले. साहेब त्यांच्या डाव्या बाजूला. काचवाले हौद्यात काचेशेजारी उभे, खिडकीतून आत बोलता येईल असे. मुलगी खाली, रॅम्पच्या कडेने चालत.

"ट्रायलभाऊ, मधल्या पिवळ्या पट्ट्यावर गाडी थांबवायची आणि धरून ठेवायची, हँडब्रेकला हात न लावता. एवढंच."

"एवढंच ना?" ट्रायलभाऊंनी गाडी रॅम्पवर घातली आणि सवयीने पाय उचलला.

"हळू," साहेब म्हणाले.

"काय साहेब?"

"हळू दाबा. मागे माझी काच आहे."

बारा वर्षांच्या नोकरीत ट्रायलभाऊंना हळू दाबायला पहिल्यांदाच कोणी सांगितलं होतं. त्यांनी लोखंडी टोकाचा बूट पेडलवर अलगद टेकवला. गाडी सुरेख थांबली, पिवळ्या पट्ट्यावर, नाक वर ठेवून. काच हललीही नाही.

"थांबली," ट्रायलभाऊ म्हणाले. "दोष नाही."

"धरून ठेवा," काचवाले म्हणाले.

सगळे उभे होते. धुलाईचा नळ कुठेतरी ठिबकत होता. काचवाले मनात मोजत होते, मुलगी ओठ हलवत मोजत होती. नऊ झाले. दहा झाले. अकराला पिकअप जागची हलली. पळाली नाही, हलली. एखादा पाहुणा निघतो म्हणत उठतो तशी, हळूच.

"पाय काढला का?" साहेबांनी विचारलं.

"नाही साहेब. पाय आहे." ट्रायलभाऊंनी खाली पाहिलं. बूट पेडलवर होता, आणि पेडल बुटाला घेऊन खाली चाललं होतं. त्यांचा पाय लाथेसाठी वर आला.

"काच," साहेब म्हणाले.

पाय हवेतच थांबला, मग पुन्हा अलगद खाली आला. एका बाजूला बारा वर्षांची सवय आणि दुसऱ्या बाजूला साहेबांची काच, आणि मधे पेडल जमिनीला लागलेलं. साहेबांनी आपला उजवा पाय समोरच्या पत्र्यावर दाबून धरला होता. तिथे ब्रेक नव्हता, पण दाबत ते खरोखर चांगले होते: हळू आणि सतत. पिकअप चालत्या माणसाच्या वेगाने रॅम्प उतरली, मुलगी तिच्या बरोबरीने चालत होती, आणि मग गाडी गाद्यांत शिरली. एक लांब उसासा टाकल्यासारखा आवाज झाला. बस.

काचवाल्यांनी काचेवर तळहात ठेवला. शाबूत होती.

साहेब खाली उतरले. आधी त्यांनी काच पाहिली, मग गाद्या, मग सल्लागाराकडे वळले. "काय लिहिलंय यांच्या कागदावर?"

"ग्राहकाला वाटतं," सल्लागार म्हणाला.

"मलाही वाटलं, असं लिहा."

ट्रायलभाऊ अजून आतच होते. त्यांनी पेडल हळू दाबलं, खाली गेलं. जोरात मारलं, ताठ. हळू, खाली. मग ते खाली उतरून काचवाल्यांसमोर आले. "मास्टर सिलिंडरच्या आतलं रबर गेलंय, काका. जोरात दाबलं की रबर फुगून घट्ट बसतं. हळू दाबलं की तेल बाजूने मागे सरकतं, बाहेर थेंब येत नाही." मग म्हणाले, "मी तीनदा बघितली ही गाडी."

"तुम्ही चांगला दाबता," काचवाले म्हणाले. "तीच अडचण."

त्या दिवशीच्या कागदावर 'दोष आढळला' असं आलं. मुलीने त्याचा फोटो काढून आईला पाठवला. आईचं उत्तर आलं: 'पायाचा पण फोटो पाठवा.'

आता फक्त मास्टर सिलिंडर यायचा होता. सल्लागार म्हणाला, पार्ट निघालाय.

"काका, तोवर गाडी घेऊन जा ना. फक्त जोरात दाबायची."

"नाही. नवा बसल्याशिवाय गाडी इथून हलणार नाही. आणि मीही."

साहेबांची नवी काच काचवाल्यांनी त्याच दुपारी बसवली. पोस्टरं काढावी लागली, पट्टी निघाली, आणि स्वच्छ उजेड केबिनमध्ये आला. या कामातली एक बाजू साहेबांच्या लक्षात दुसऱ्या दिवशी सकाळी आली. ग्राहकांच्या खोलीतून केबिन दिसत होती. केबिनमधूनही ग्राहकांची खोली दिसत होती. आणि तिथे, सरळ समोर, नऊ वाजल्यापासून काचवाले बसले होते. शेजारी बनियनवर गादीवाले.

काचवाले काही करत नव्हते. ते बसले होते आणि साहेबांकडे बघत होते. रागाने नाही, ज्या माणसाने काच स्वतः बसवली आहे तो तिच्यातून जसा बघेल तसे. दुपारी ते डबा खात बघत. साहेब फाइल उचलत, ठेवत. चहा मागवत. एकदा त्यांनी पडद्याची चौकशी केली. पडद्याला मंजुरी लागत होती.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी गादीवाल्यांनी सदरा घातला, कारण आता समोरून दिसत होतं. चौथ्या दिवशी सकाळी काचवाल्यांनी पाहिलं, साहेब फोनवर उभे राहून बोलत होते आणि बोलताना खोलीकडे बोट दाखवत होते, जणू पलीकडच्यालाही दिसावं.

"आपल्याबद्दलच," गादीवाले म्हणाले.

"असू दे."

"तुम्हाला घरी कोणी बोलत नाही का हो?"

"बोलतात. म्हणून तर इथे बसतो." मग काचवाले म्हणाले, "माझ्यानंतर मुलगी चालवणार आहे ती."

गादीवाल्यांनी मान डोलावली आणि खुर्ची थोडी पुढे सरकवली, म्हणजे साहेबांना दोघेही नीट दिसतील.

सहाव्या दिवशी एकाच खोक्यातून दोन पार्ट आले. एक काचवाल्यांचा, एक गादीवाल्यांचा. ते इतके दिवस कुठे होते, याची चौकशी कोणी केली नाही. ट्रायलभाऊंनी स्वतः सिलिंडर बसवला, स्वतः रॅम्पवर गाडी नेली, पिवळ्या पट्ट्यावर बूट अलगद ठेवून शंभरपर्यंत मोजलं, मोठ्याने, आणि मगच किल्ली दिली. गादीवाले अकराव्या गादीसकट घरी गेले. सल्लागाराने आपली परत केली होती, ती कडक निघाली म्हणे.

किल्ली काचवाल्यांची होती. तह तसाच होता. दुसऱ्या दिवशी सहा काचा चढवून झाल्यावर ते डाव्या दारातून गाडीत बसले आणि किल्ली मुलीकडे धरली.

"तुम्ही जिंकलात ना, बाबा?"

"जिंकलो. चालव. दुकानात परत आल्यावर माझी मला दे."

पुलावरून उतरताना सिग्नल लागला. शंभर हात आधी ते म्हणाले, "आता ठेव." तिने पाय ठेवला. पहिल्यांदा जास्त पडला, मागे पुठ्ठे कुरकुरले. "मारू नकोस, ठेव. अंगठ्याखालच्या भागाने." तिने भार कमी केला. गाडी उतारावर थांबली, पुढच्या मोटारीपासून चार हात.

काचवाल्यांनी डोळे मिटले. डॉक्टरांकडे मिटले होते तसे.

"बाबा, डोळा लागला का?"

"मोजतोय. तूही मोज."

ती पेडलकडे बघत मोजायला लागली. तीसला सिग्नल हिरवा झाला. पेडल होतं तिथेच होतं. मागच्याने हॉर्न दिला. काचवाले चाळिसापर्यंत गेले, मग डोळे उघडून म्हणाले, "चल."